मृत्यूचा दाखला आणि जुन्या निधन-नोंदी कशा शोधाव्यात

गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात मुंबईकर गावी आले की माझ्याकडे हमखास एक प्रश्न येतो. "काकी, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. तलाठी म्हणतात मृत्यूचा दाखला आणा. तो कुठे मिळेल?" रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर आणि लांजा तालुक्यांत मी ग्रामसेविका म्हणून नोकरी केली. जन्म-मृत्यूची बुकं माझ्याच ताब्यात असायची. आता निवृत्त आहे, पण याबद्दल कुणी विचारलं की मी बसवून सगळं सांगते. नीट माहिती नसल्याने माणसं रजा टाकून येतात, चुकीच्या कचेरीत दिवस घालवतात आणि रिकाम्या हाताने परत जातात, ते मला बघवत नाही.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की मृत्यू नेमका कुठे झाला. नोंद तिथेच होते. आजोबा जन्मभर गावात राहिले, अग्नीही गावच्याच स्मशानात दिला, पण प्राण कोल्हापूरच्या इस्पितळात गेला असेल तर दाखला कोल्हापूरचा. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण पुष्कळदा गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेतात. तिथे मृत्यू झाला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत कितीही शोधलंत तरी काही सापडणार नाही, नोंद गोव्यात असते. मुंबईत वारलेल्यांची नोंद महापालिकेच्या विभाग कार्यालयात असते, आणि तीही राहत्या घराच्या विभागात असेलच असं नाही. केईएम रुग्णालयात वारले असतील तर एफ दक्षिण विभाग, सायन रुग्णालयात असतील तर एफ उत्तर. गिरणगावातल्या चाळीत, स्वतःच्या खोलीत गेले असतील तर ती चाळ ज्या विभागात येते तिथे.

दुसरं म्हणजे साल. हे कागदावरून कमी आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडून जास्त कळतं. तिला इंग्रजी तारीख विचारू नका, वर्षश्राद्ध कधी करायचे ते विचारा. महिना, पक्ष, तिथी ती बरोबर सांगेल. पितृपक्षातलं श्राद्ध सांगितलं तर फक्त तिथी कळते, महिना कळत नाही, म्हणून वर्षश्राद्धच विचारा. शके माहीत असेल तर त्यात ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातले जानेवारीपासूनचे दिवस असतील तर ७९. शके १८९६ चा माघ वद्य म्हणजे १९७५ चे फेब्रुवारी-मार्च. शके आठवत नसेल तर मोठ्या आत्याचं लग्न आधी की नंतर, घरात कुणी तान्हं होतं का, असं विचारत विचारत दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात या. एवढं हातात असलं की शोधणाऱ्याचं काम निम्मं होतं.

आता गावची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आपल्याकडे तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या मृत्यूसाठी गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद. अर्जात मयताचं पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वाडी, अंदाजे तारीख आणि तुमचं नातं लिहा. वाडी विसरू नका. आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची असते आणि त्याच नावाचे दोन-दोन चुलतभाऊ असतात. आज जी स्वतंत्र ग्रामपंचायत आहे ती तेव्हा एखाद्या गट ग्रामपंचायतीत, म्हणजे दोन-चार गावांच्या मिळून एका पंचायतीत, असू शकते, तर जुनं बुक त्या मूळ गावात विचारावं लागतं. शोध-फी आणि नकलेची फी किरकोळ असते, पावती मात्र घ्या.

बुक उघडल्यावर लोक एका ठिकाणी फार फसतात. नोंदवही मृत्यूच्या तारखेने लागत नाही, नोंद केल्याच्या तारखेने लागते. आषाढात, लावणीच्या दिवसांत कुणी गेलं असेल आणि घरच्यांनी पाऊस ओसरल्यावर कळवलं असेल, तर ती ओळ भाद्रपदाच्या पानावर असते. म्हणून सांगितलेल्या महिन्यापुढची पानं वर्षाअखेरपर्यंत आणि त्याच्या पुढच्या वर्षाचीही बघायला सांगा. मी स्वतः "नोंद नाही" असं लिहून देण्याआधी पुढच्या वर्षाचं बुक चाळल्याशिवाय राहत नसे.

बायकांच्या नोंदी शोधताना जास्त सबुरी लागते. घरात सगळे तिला बायो म्हणायचे, सासरचं नाव सावित्री, माहेरचं काशी, आणि बुकात यांतलं काहीही असू शकतं. महसुलाच्या जुन्या कागदात "सावित्री भ्र. गोविंद" असं दिसेल, भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. तेव्हा आजीची तिन्ही नावं घेऊन जा आणि नवऱ्याच्या नावाच्या रकान्यावरून शोधा. पुष्कळ आज्यांची नोंद कुणी केलीच नाही, कारण त्यांच्या नावावर जमीन नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं. जमीन असो नसो, त्या बाईचं जगणं कुठेतरी एका ओळीत तरी राहायला हवं होतं.

१९७० च्या आधीचा मृत्यू असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी वही, मागा. तोच गाव नमुना १४. अर्ज करताना तालुका तेव्हाचा लिहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, दोडामार्ग आधी सावंतवाडी तालुक्यात होता, आणि सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होतं. कागद फार जुना असेल तर तो मोडी लिपीत असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही बुकं पुष्कळ ठिकाणी बाहेर काढली गेली, काही पानांची छायाचित्रं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही चढवली. ती आधी बघून घ्या.

तहसीलमध्ये गेलाच आहात तर जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, त्याही काढा. वारस नोंदीच्या फेरफारात "खातेदार अमुक हे अमुक तारखेस मयत, त्यांस वारस..." असं लिहिलेलं असतं. गाव नमुना ६-क ही तर वारसांचीच नोंदवही. हा काही मृत्यूचा दाखला नव्हे, पण तारीख मिळते आणि पुढे पुरावा म्हणून जोडता येतो. ख्रिस्ती घरांसाठी सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या चर्चमधल्या दफनाच्या नोंदवह्या आहेत. मुसलमान घरांनी गावच्या जमातीकडे, म्हणजे मशिदीचा कारभार बघणाऱ्या मंडळाकडे, चौकशी करावी. नाशिकला अस्थी नेल्या असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत कोण आलं होतं, कुणासाठी आलं होतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं सापडतं. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात.

वर्तमानपत्रातल्या निधन वार्तेला लोक कमी लेखतात. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, नातवंडे" हे एक वाक्य वारस शोधताना किती उपयोगी पडतं! शिवाय मृत्यूची बातमी सापडली नाही तर पुढच्या वर्षीची "प्रथम पुण्यस्मरण" जाहिरात शोधा. तिच्यात तारीख ठळक छापलेली असते. जुने अंक ग्रंथालयांत मिळतात. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. रत्नागिरीचे बळवंत आणि सत्यशोधक, सावंतवाडीचा वैनतेय, वेंगुर्ल्याचा किरात यांच्या फायली कुठे, कोणत्या सालापासून आहेत हे ग्रंथपालांना आधी फोन करून विचारा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक वाचन मंदिराचं जुलै २०२१ च्या पुरात फार नुकसान झालं, तेव्हा तिथे काय उरलंय हे विचारूनच जा. आणि गावाच्या मुंबई मंडळाला विसरू नका. ग्रामस्थ मंडळाच्या वार्षिक अहवालात सुरुवातीलाच श्रद्धांजलीची यादी असते. चाकरमान्यांच्या बाबतीत मला याच्याइतकी चांगली खूण दुसरी कुठे मिळाली नाही.

इतकं करूनही नोंद नसेल तर कचेरीकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्या. त्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. मृत्यूला वर्ष उलटून गेलेलं असेल तर जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही पद्धत आहे. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं. अर्जाला श्राद्धाची आठवण नको, कागद जोडा: फेरफार, निधन वार्ता, रुग्णालयाची चिठ्ठी, चर्चचा उतारा, जे असेल ते. चौकशी होते आणि व्हायलाही हवी, कारण खोट्या दाखल्यावर कुणाची तरी जमीन जाते. होडीवरून समुद्रात गेलेल्या आणि देह न मिळालेल्या माणसाचं प्रकरण वेगळं. सात वर्षं काही खबर नसेल तर कोर्टाकडून मृत्यू झाल्याचं ठरवून घ्यावं लागतं. पोलिसांत त्या वेळी दिलेली खबर हा त्यातला मुख्य कागद, तो जिवापाड सांभाळा.

दाखला हातात आला की खिडकीवरच वाचा. नाव सातबारा आणि आधारशी जुळतंय का, वडिलांचं नाव, तारीख. चूक असेल तर जन्म-मृत्यू निबंधकाकडे १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मूळ ओळ खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापलेलं नसतं, कायद्यानेच ते द्यायचं नाही. विम्याला कारण हवं असेल तर रुग्णालयाकडे मागा.

आणि घरात आत्ता कुणी गेलं असेल तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करा, पैसे पडत नाहीत. तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी. घरी मृत्यू झाला असेल तर खबर घरच्यांनीच द्यायची असते. तेराव्यापर्यंत पाहुण्यांची वर्दळ असते हे मला कळतं, पण एखाद्या भाच्याला आधार कार्ड देऊन पंचायतीत पाठवा आणि नाव कसं लिहायचं ते कागदावर स्वच्छ लिहून त्याच्या हातात द्या.