जुन्या पिकअपच्या केबिनचा गंज कसा काढावा

ठाण्यासारख्या खाडीकाठच्या शहरात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या पिकअपच्या केबिनला गंज बहुधा आतून लागतो, आणि रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पापुद्रे सुटण्याच्या अवस्थेला पोचलेला असतो. म्हणून सीट, मॅट आणि दरवाजांची अस्तरे काढून फ्लोअर, दरवाजाखालची पोकळ पट्टी, काचेच्या रबराखालची चौकट, छताची पन्हळ आणि माउंटिंगची, म्हणजे केबिन चेसीला जोडलेली जागा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून तपासावी. टोक आत गेले, तर तो पत्रा बदलण्याचाच आहे.

सर्वांत फसवे असतात ते केबिनचे मागचे खालचे कोपरे. तेथे दुहेरी पत्रा असतो आणि पाणी जाण्याचे भोक मातीने बुजलेले असते. कोपरा कापताच ओला चिखल आणि गंजाचा भुगा बाहेर पडतो. पाणी कोठून येते हे शोधल्याशिवाय नवा पत्रा बसवणे म्हणजे पैसे खाडीत टाकणे आहे.

कापण्यापूर्वी बॅटरी सोडावी, आणि इंधनाची टाकी सीटखाली किंवा सीटमागे असल्यास ती उतरवून गाडीपासून दूर ठेवावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे घासताना चांगला मास्क हवाच. केबिन तिच्या माउंटिंगवर सपाट जागी असतानाच दोन्ही दरवाजांच्या चौकटींत चौकोनी पाइप आडवे-तिरपे वेल्डिंगने टाचून घ्यावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. हे टाळले, तर काम उत्तम होऊनही शेवटी दरवाजा लागत नाही.

कापताना स्वच्छ, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे सरकावे. जाडी व्हर्नियरने मोजून तेवढाच सीआरसी (थंड अवस्थेत लाटलेला पोलादी) पत्रा घ्यावा. बहुतेक ठिकाणी १८ किंवा २० गेज, म्हणजे सुमारे १.२ किंवा ०.९ मिलिमीटर, पुरतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात अखंड शीट मिळते, मात्र एवढ्याशा कामाला स्थानिक दुकानातला तुकडा बरा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगला टाळावा, कारण त्याचा धूर घातक असतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून तुकडा कडेला कड भिडेल असा बसवावा. सडक्या पत्र्यावरच तुकडा मारून वर लांबी (पुट्टी) भरून देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी पुन्हा साचते.

वेल्डिंग ०.८ मिलिमीटर तारेच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या) वेल्डिंग मशीनने करावे. इंचभर अंतरावर टाके घालावेत, मात्र ते ओळीने न घालता प्रत्येक टाका नुकत्याच घातलेल्या टाक्यापासून दूरच्या जागी असावा आणि पत्रा हाताला सोसेल इतका गार झाल्यावरच पुढचा घालावा. सलग रेघ ओढल्यास सपाट भाग हमखास वाकतो.

जेथे फक्त खड्डे पडले आहेत, तेथे फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर डब्यावरील सूचनेप्रमाणे वापरून त्याचा अंश पूर्ण काढावा, अन्यथा प्रायमर धरत नाही. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. पावसाळी हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस थर येतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीलर, त्यावर शक्य तितकी पातळ लांबी आणि शेवटी रंग, हा क्रम मोडू नये. पोकळ भागांत मेण रंगानंतर फवारावे आणि पाण्याची भोके तारेने मोकळी करावीत.

काचेला नवे रबर लावून छतावर पाइपने पाणी सोडावे. फ्लोअर कोरडा राहिला, तरच मॅट आणि सीट परत बसवावीत.