भाषाविज्ञान घ्यायचं म्हणताय? माझा बीएचा अनुभव

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडं बऱ्याच बायका 'मी येतो', 'मी गेलो' असंच बोलतात, आजी तशीच बोलते, आई तशीच, मीपण तसंच बोलत मोठी झाले. बारावीनंतर पुण्याला आले आणि होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात 'मी आंघोळीला जातो' म्हणाले तर खोलीतल्या पोरी पोट धरून हसल्या. वाईट मनानं नाही, पण त्यानंतर दोन वर्षं मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात तपासून घ्यायचे. बीएला मराठी स्पेशल होतं आणि त्यात भाषाविज्ञानाचा पेपर आला, आणि त्या पेपरच्या एका तासाला सरांनी फळ्यावर नेमकं हेच लिहिलं. तो जातो, ती जाती, मी जातो. म्हणाले, बघा, कोल्हापूरकडं तिसऱ्या पुरुषात लिंगभेद आहे पण बोलणारी व्यक्ती स्वतःबद्दल बोलते तेव्हा तो गळतो, आणि यात विचित्र काहीच नाही, संस्कृतात 'गच्छामि' बाई म्हणाली काय नि पुरुष म्हणाला काय, एकच. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. माझी बोली चुकीची नव्हती, तिला नियम होता, आणि तो नियम कुणीतरी फळ्यावर लिहिण्याएवढा महत्त्वाचा मानला होता.

म्हणून कुणी विचारलं की भाषाविज्ञान घेऊ का, तर मी आधी हे विचारते की तुम्हाला शुद्धलेखन आवडतं म्हणून येताय का, चार भाषा बोलता येतात म्हणून येताय का, की कथा-कविता आवडतात म्हणून. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत पण त्यातली एकही इथं रोज लागत नाही. इथं रोज लागतं ते म्हणजे माणसं खरंच काय बोलतात ते बघायचं, मांडायचं आणि त्यातला नियम शोधायचा. हे बरंचसं गणितासारखं आहे. एक नमुना देते, अशी गणितं आम्हाला पहिल्या महिन्यातच मिळाली होती. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'निनासोमा' म्हणजे मी वाचतोय, 'उनासोमा' म्हणजे तू वाचतोयस, 'अनासोमा' म्हणजे तो वाचतोय, आणि 'निनापिका' म्हणजे मी स्वयंपाक करतोय. तर 'तू स्वयंपाक करतोयस' कसं म्हणाल? ज्यांना 'उनापिका' हे आलं आणि लगेच पुढचं गणित हवंसं वाटलं त्यांनी हा विषय बिनधास्त घ्यावा. शाळेतली मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी अशाच गणितांचं लिंग्विस्टिक्स ऑलिम्पियाड असतं, भारतातली निवड पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिम्पियाडमधून होते, आणि २०१६ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तर म्हैसूरलाच झाली होती.

आता अभ्यासक्रमाचं. स्वनविचार (तोंडातून निघणारे आवाज), स्वनिमविचार (त्यातले अर्थ बदलणारे आवाज), रूपविचार (शब्दांची घडण), वाक्यविचार, अर्थविचार अशी चढण असते आणि मग समाजभाषाविज्ञान, ऐतिहासिक वगैरे. पहिली अडचण सगळ्यांना येते ती परिभाषेची, शब्दातल्या अर्थ असलेल्या लहानात लहान तुकड्याला एका पुस्तकात रूपिम, दुसऱ्यात पदिम, आणि पुढं सगळं इंग्रजीत मॉर्फीम. मी शंभर पानी वही केली होती, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं सगळे मराठी पर्याय आणि खाली मराठीतलंच एक उदाहरण, ती वही अजून वापरते. आणि उदाहरण मराठीचंच घ्या बरं का, पुस्तकातलं इंग्रजी उदाहरण पाठ करून काही होत नाही. स्वनिम मला इंग्रजी जोड्यांनी कधीच कळला नाही, 'जग' या शब्दानं कळला. 'हे जग मोठं आहे' मधला ज आणि 'तू शंभर वर्षं जग' मधला ज म्हणून बघा. लिपीत एकच अक्षर, पण तोंडात दोन वेगळे आवाज आणि त्यानं अर्थ बदलतो! वाक्यविचारातपण तसंच, 'मी आंबा खाल्ला, तू आंबा खाल्लास, त्यानं आंबा खाल्ला', हा 'नं' (लिहिताना 'ने') फक्त तिसऱ्याला का लागला, आणि 'सीतेनं आंबा खाल्ला' मध्ये क्रियापद सीतेचं न ऐकता आंब्याचं का ऐकतं? आयुष्यभर बोलत आलो पण कधी दिसलं नव्हतं.

सगळ्यात जास्त शिकले ते प्रोजेक्टमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत आजीचं बोलणं रेकॉर्ड करायचं ठरवलं, मोबाईल समोर ठेवला, म्हटलं आजी तुझा दिवस कसा जातो सांग. आजीनं पदर नीट केला आणि सुरू केलं, 'मी सकाळी लवकर उठते, मग मी पूजा करते.' उठते! करते! आयुष्यात कधी न बोललेली मराठी ती माझ्या मोबाईलशी बोलायला लागली. वीस मिनिटं तसंच चाललं, मी मनातून पार खचले. तेवढ्यात दूधवाल्यानं दारातून हाक मारली आणि आजी ओरडली, 'आलो आलो, थांब जरा!' माझा खरा डेटा तेवढाच, एक सेकंदाचा. नंतर कळलं की याला ऑब्झर्व्हर्स पॅराडॉक्स म्हणतात, लबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषावैज्ञानिकानं मांडलेला, म्हणजे माणसं कुणी बघत नसताना कशी बोलतात ते बघायचं तर असतं, पण बघायला गेलं की ती तशी बोलत नाहीत. त्यामुळं नवख्यांना सांगते, पहिला अर्धा तास फेकून द्यायच्या तयारीनंच जा, परवानगी आधी घ्या, पण प्रश्न भाषेबद्दल विचारू नका, पुराचं विचारा, लग्नाचं विचारा, म्हशीचं विचारा. पंखा बंद करा, कुकर लागलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत थांबा. आवाज तपासायला प्राट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात 'जग' चे दोन्ही ज शेजारी शेजारी लावून बघा, घर्षणाचा काळा पट्टा एकात जास्त वर असतो, एकात खाली उतरतो, कानाला जे ऐकू येतं ते डोळ्यांना दिसतं.

कुठं शिकायचं हा प्रश्न अवघड आहे, खोटं कशाला सांगू. आपल्याकडं बहुतेक कॉलेजात भाषाविज्ञान हा मराठी किंवा इंग्रजी स्पेशलमधला एखादा पेपर असतो. बीएलाच पूर्ण विषय हवा असेल तर अलीगढ आणि बनारसची विद्यापीठं आहेत, आणि सायन्सवाल्यांसाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटीत कॉम्प्युटर सायन्सबरोबर कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्सचा ड्युअल डिग्री कोर्स आहे. एमएला पुण्यात डेक्कन कॉलेज आहेच, मी पुढं तिथंच गेले, तिथल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचं रेकॉर्डिंग ऑनलाईन ऐकायला मिळतं, प्रवेश घ्यायच्या आधी दोन-तीन तास ते नुसतं ऐका. मेजर मिळत नसेल तर मायनर घ्या, पण जोडी विचार करून लावा. कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्सबरोबर घेतलं तर भाषा-तंत्रज्ञानात काम मिळायला सोपं जातं, मानसशास्त्राबरोबर घेतलं तर मुलं भाषा कशी शिकतात तिकडं जाता येतं. स्पीच थेरपी करायची असेल तर मात्र तिची डिग्रीच वेगळी आहे, या विषयाच्या भरवशावर राहू नका, माझ्या वर्गातल्या एका मुलीचं यात वर्ष गेलं.

घरी 'पुढं काय?' विचारणारच. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा आहे, त्यात लिंग्विस्टिक्स हा स्वतंत्र विषय आहे. बाकी कोशाचं काम, भाषांतर, आणि आता मशीनला मराठी शिकवण्यासाठी डेटा तयार करायचं, तपासायचं काम बरंच निघालंय, मी सध्या तेच करते. सुरुवातीला पैसे कमी असतात आणि काम बऱ्याचदा प्रोजेक्टपुरतं असतं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. परवा एका बॅचमध्ये 'मी बाजारला चाललो' असं बाईच्या आवाजातलं वाक्य आलं, आधीच्या तपासणाऱ्यानं त्यावर 'चूक' असा शिक्का मारला होता. मी तो काढला आणि शेरा लिहिला, बोली कोल्हापूर, वाक्य बरोबर.