नर्मदा परिक्रमेसाठी नकाशे आणि वाटेची साधने : तयारीची यादी

नर्मदेच्या पायी परिक्रमेची तयारी म्हटली की पादत्राणे, पांघरूण, औषधे यांची यादी मनापासून केली जाते आणि नकाशाचा विषय मात्र ‘तो मोबाइलमध्ये असतोच’ एवढ्यावर मिटतो. तो तसा मिटू देऊ नये. मोबाइलमधला नकाशा जवळची वाट शोधून देण्यासाठी बनलेला असतो; परिक्रमेत जवळ-लांब हा प्रश्नच नसतो. मैया सतत उजव्या हाताला राहिली पाहिजे आणि तिचे पात्र कुठेही ओलांडायचे नाही, हा पहिला नियम. ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून बडवानीकडे निघालेल्या माणसाला हे साधन मोरटक्क्याच्या पुलावरून पलीकडे नेऊन, महेश्वरवरून फिरवून, खलघाटच्या पुलावरून पुन्हा अलीकडे आणू शकते, कारण त्याच्या हिशेबी पूल ही सोय आहे. म्हणून परिक्रमेचा नकाशा निघण्यापूर्वी आपला आपण तयार करावा आणि त्यासाठी निदान दोन महिने हाताशी ठेवावेत. चातुर्मास संपून कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमा उचलली जाते. त्या हिशेबाने भाद्रपदात हे काम हाती घेतले तर ते वेळेत होते.

सुरुवात गावांच्या यादीने करावी, नकाशाने नव्हे. मराठीत परिक्रमेची वर्णने भरपूर आहेत आणि जाऊन आलेली माणसेही बहुतेक गावांत भेटतात. त्यांच्याकडून मुक्कामांची नावे क्रमाने उतरवून घ्यावीत. प्रत्येक नावापुढे तहसील, जिल्हा आणि तट लिहावा, कारण एकाच नावाची दोन-तीन गावे त्या खोऱ्यात सर्रास आढळतात. नावे बदललेलीही आहेत : होशंगाबाद आता नर्मदापुरम आहे, बाबई माखननगर झाले आहे आणि नसरुल्लागंजला भैरुंदा म्हणतात. जुन्या पुस्तकातले नाव नव्या नकाशात सापडत नाही आणि नव्या पाटीवरचे नाव जुन्या नकाशात नसते, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवावीत. वर्णन कोणत्या साली केलेल्या परिक्रमेचे आहे आणि ती पायी होती की वाहनाने, हेही त्याच वहीत नोंदवावे. वाहनाने केलेल्या परिक्रमेतील मुक्कामांची अंतरे पायी चालणाऱ्याच्या कामाची नसतात, आणि जुन्या वर्णनातील काठाची वाट आज धरणाच्या पाण्याखाली असण्याची शक्यता मोठी आहे.

त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थलदर्शक पत्रके मिळवावीत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी जी खुली मालिका आली, ती 1:50,000 या प्रमाणाची आहे. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हे जमिनीवरचा एक किलोमीटर. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर ही पत्रके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. एक पत्रक अक्षांश-रेखांशाची पंधरा-पंधरा मिनिटे व्यापते. मुखापासून अमरकंटकपर्यंत नदी रेखांशाचे सव्वानऊ अंश कापते, त्यामुळे निव्वळ पूर्व-पश्चिम हिशेबानेच किमान 37 पत्रके होतात आणि नदी वर-खाली वळते तिथे त्यांत भर पडते. क्रमांक शोधताना हे ध्यानात असू द्यावे की नदीचा संपूर्ण प्रवाह ‘एफ’ या पट्ट्यात येतो, आणि 78 अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेकडील पत्रके एफ 43 ने तर पूर्वेकडील एफ 44 ने सुरू होतात. ही रेषा नर्मदापुरमच्या थोडी पूर्वेला पडते. एखादे पत्रक मिळाले नाही, तर तेवढ्या भागासाठी ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून छापील पान काढावे, पण जागा रिकामी सोडू नये.

पत्रके हाती आली की सर्वांत महत्त्वाचे काम जलाशयांचे आहे, आणि त्याला घाई करू नये. नदीवर बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर ही मोठी धरणे आहेत. त्यांच्या फुगवट्याने घाट, मंदिरे, गावे आणि काठाकाठाने जाणारी शेकडो वर्षांची वाट गिळली आहे. हरसूदसारखे भरवस्तीचे गाव 2004 मध्ये इंदिरा सागराच्या पाण्यासाठी उठले, आणि सरदार सरोवर 2019 मध्ये प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरले. पत्रकाच्या कडेला सर्वेक्षणाचे साल छापलेले असते, ते आधी वाचावे. ते या सालांच्या मागचे असेल, तर त्यावरचा काठ आज काठ नाही. इथे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कामी येतात. पत्रकावर त्या वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात आणि सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर आहे. निळी पेन्सिल घेऊन 140 मीटरची रेषा बोटाने पकडत पकडत गिरवावी : ती ओढ्याच्या खाचेत आत शिरते, टेकडीच्या सोंडेला वळसा घालून पुन्हा बाहेर येते, आणि जिथे कागदावर बारीकसा नाला होता तिथे कित्येक किलोमीटर आत गेलेली पाण्याची जीभ दिसू लागते. या रेषेच्या नदीकडील बाजूस जे गाव, जी पायवाट, जो घाट पडेल, तो पाण्यात धरावा. ओंकारेश्वरच्या जलाशयासाठी (196.6 मीटर) 200 ची रेषा चालते. इंदिरा सागर 262.13 मीटरपर्यंत आणि बरगी 422.76 मीटरपर्यंत भरते, म्हणून तिथे अनुक्रमे 260 आणि 420 च्या रेषा गिरवून त्यांच्या वर थोडी पट्टी मोकळी सोडावी. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेले असतात आणि परिक्रमा नेमकी तेव्हाच सुरू होते. उन्हाळ्यात काढलेले उपग्रहचित्र पाहून वाट ठरवली तर फसगत होते. गिरवलेली रेषा इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरील चित्राशी ताडून पाहावी, म्हणजे हाताची चूक तिथल्या तिथे कळते.

धरणाचे पाणी उपनदीच्या खोऱ्यात शिरते तिथे होडीने पलीकडे जायचे की पाणी संपेपर्यंत वळसा घालायचा, हा नकाशाच्या पलीकडचा प्रश्न आहे. तो जाणत्या परिक्रमावासींशी बोलून घरीच सोडवावा, कारण वळसा धरला तर एका मुक्कामाचे दोन-तीन मुक्काम होतात आणि त्या वाटेची पत्रकेही वेगळी लागतात. एरवी तवा, हिरण, ओरसंग, कर्जन, शेर, शक्कर अशा उपनद्या ओलांडायच्याच असतात. त्यांच्यावरील पूल आणि उतार, म्हणजे पाण्यातून चालत पलीकडे जाण्याच्या जागा, हिरव्या खुणेने दाखवावेत. नर्मदेवरचा प्रत्येक पूल, धरणाच्या भिंतीवरचा प्रत्येक रस्ता आणि होडीचा प्रत्येक धक्का यांवर लाल फुली मारावी. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलणाऱ्याने तिथल्या झुलत्या पुलावरही ही फुली मारावी, कारण ओंकाराचे मंदिर बेटावर आहे आणि परिक्रमा पूर्ण होईपर्यंत दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचे दर्शन घेऊनच पुढे जायचे असते. अमरकंटकला नदीचा उगम असल्याने तिथे वळण कुठून घ्यायचे, माई की बगिया कुठे आणि नर्मदाकुंड कुठे, हे मोठ्या प्रमाणाच्या वेगळ्या चौकोनात काढून ठेवावे. एरवी दुर्लक्षिण्याइतका लहान असलेला ओहळ तिथे साक्षात नर्मदा असतो.

मोबाइलसाठी एकच साधन पुरत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड यांपैकी एक जरूर घ्यावे, कारण त्यांत मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात आणि छत्तीसगड यांचे नकाशे आधी उतरवून घेतले की रेंज नसतानाही पायवाटा दिसतात आणि चालण्याचा मार्ग निघतो. गूगलच्या नकाशाचा भागही उतरवता येतो, पण रेंज नसताना तो फक्त वाहनाचा मार्ग देतो, पायी चालण्याचा देत नाही; शिवाय उतरवलेला भाग ठरावीक मुदतीत अद्ययावत केला नाही तर निकामी होतो. त्याचा उपयोग आश्रमांचे फोन नंबर, दुकाने आणि दवाखाने शोधण्यापुरता ठेवावा. कोणत्याही साधनात ‘इथून तिथे’ असा लांबचा मार्ग मागू नये. आठ-दहा किलोमीटरवरच्या, त्याच तटावरच्या गावांचे टप्पे पाडावेत आणि प्रत्येक टप्प्याची रेघ नदीला कुठे छेदते का, ते पडदा मोठा करून पाहावे.

आधी चालून आलेल्या कुणाची जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची फोनने केलेली नोंद, मिळाली तर ती उपकारच समजावी, तरीही तपासल्याशिवाय वापरू नये. ती रेघ तीरावरून जाते की हमरस्त्याने, तिची दिशा बरोबर आहे का, ती मध्येच सरळ रेषेत उड्या मारते का, हे पाहावे. सरळ उडी म्हणजे बहुधा तिथे फोन बंद होता किंवा माणूस गाडीत बसला होता. संपूर्ण परिक्रमेची एकच फाइल ठेवली तर ती उघडायला वेळ लागतो आणि फोन तापतो. तिचे टप्प्यांप्रमाणे तुकडे करून दक्षिण तटाला ‘द’ आणि उत्तर तटाला ‘उ’ अशी अक्षरे व पुढे क्रमांक द्यावेत.

शूलपाणीच्या झाडीसाठी स्वतंत्र तयारी हवी. बडवानीहून बावनगजा, पाटी या बाजूने वाट सातपुड्यात चढते, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी भागातून धडगाव, मोलगी अशा वस्त्यांकडे येते आणि पुढे गुजरातेत उतरते. महाराष्ट्रातला परिक्रमेचा मार्ग तो एवढाच, आणि नकाशाच्या दृष्टीने सर्वांत अवघडही तोच. इतरत्र नदी नजरेस पडते आणि तीच दिशा सांगते. इथे ती दिवसदिवस डोंगराआड असते, पाडे विखुरलेले असतात आणि एकाच गावाचे पाडे तीन-तीन टेकड्यांवर पसरलेले असतात. या भागाची पत्रके 1:50,000 च्याच प्रमाणात छापून घ्यावीत, चढ-उतारांची बेरीज आधी करावी आणि रोजची मजल सपाटीवरच्या निम्मी धरावी. वाट चुकल्यावर ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत राहिले की माणूस जलाशयाच्या कड्यावर येऊन अडकतो. म्हणून प्रत्येक टप्प्यात परत फिरण्याचे एक ठिकाण आधीच नेमून ठेवावे. स्थानिक भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या अंगणात पाणी आणि आसरा मिळतो. ते पाडे पत्रकावर जपून नोंदवावेत.

दुसरे वेगळे प्रकरण समुद्राचे : नदीचे पात्र ओलांडायचे नसल्याने मुखाशी तट बदलायचा तो समुद्रातून. दक्षिण तटावर हांसोट तालुक्यातल्या विमलेश्वर-कतपोर भागातून नावेने निघून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला उतरायचे असते, आणि ही नाव भरतीच्या हिशेबाने सुटते. तेव्हा भरतीचे वेळापत्रक हेही वाटेचे साधनच आहे. सर्वेक्षण विभाग दरवर्षी भारतीय बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. भरूच-दहेज परिसरातल्या बंदराचे पान घ्यावे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत आहे, ती इथे लावू नये, कारण खंभातच्या आखातात आत शिरता शिरता भरतीला उशीर होत जातो. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरकही या आखातात फार मोठा असतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे आपण पोहोचू तो दिवस दोन-चार दिवसांनी हलला तर नाव पहाटेची की मध्यरात्रीची, हे बदलते. अंतिम शब्द नावाड्याचा. कोष्टक एवढ्यासाठी, की तिथे किती दिवस थांबावे लागेल याचा अंदाज बांधता यावा.

छपाईबद्दल थोडके सांगणे आहे. ए फोर कागदावर 1:50,000 चे जेमतेम साडेदहा बाय पंधरा किलोमीटर मावतात, म्हणजे एका दिवसाची चालही मावत नाही. सपाटीच्या भागासाठी 1:1,00,000 इतके लहान करून छापले तर एका पानावर एक दिवस बसतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करावा आणि पहिले पान निघाले की पट्टीने प्रमाणरेषा मोजावी. 1:50,000 च्या पानावर एक किलोमीटर दोन सेंटिमीटर भरला नाही, तर उरलेली पाने छापू नयेत. लेझर छपाई घ्यावी, कारण इंकजेट छपाईची शाई पहाटेच्या दवाने पसरते. सगळी पाने पाठीवर वाहण्याची गरज नाही. सुरुवातीच्या टप्प्याची सोबत घ्यावीत आणि पुढची भरूच, जबलपूर अशा मोठ्या गावांतल्या ओळखीच्या घरी किंवा आश्रमात विचारून आधी पाठवून ठेवावीत.

साधे होकायंत्र घ्यावे. चुंबकीय उत्तरेतला फरक त्या खोऱ्यात एक अंशाहूनही कमी असल्याने दुरुस्तीची उठाठेव करावी लागत नाही. पौष-माघात सकाळी नदीवर धुके दाटते, तेव्हा वाळवंटात त्याचा आधार वाटतो. फोन विमान-अवस्थेत ठेवला तरी उपग्रहांवरून आपले स्थान कळत राहते आणि बॅटरी बरीच टिकते. रोज दोन-चार वेळा स्थान पाहून कागदावर पेन्सिलीने वेळ टाकावी, सतत पडदा चालू ठेवू नये. एक पॉवर बँक आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे पुरेशी होतात.

परदेशातून परिक्रमेसाठी येणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट विमानात बसण्यापूर्वीच पाहावी. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी गार्मिन इनरीचसारखी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे बेकायदा आहे, आणि त्यापायी विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिका-युरोपातल्या डोंगरवाटांवर ही वस्तू सुरक्षिततेची म्हणून सोबत असते. इथे आणू नये. फक्त स्थान आणि अंतर दाखवणाऱ्या घड्याळाला ही अडचण नाही.

वाट विचारण्याचीही तयारी लागते. लांबच्या शहराचे नाव घेऊन विचारले की लोक बसचा रस्ता दाखवतात, म्हणून नेहमी पुढच्या गावाचे नाव घ्यावे आणि ‘किनारे-किनारे का रास्ता चालू है क्या’ असे विचारावे. परिक्रमावासी म्हटल्यावर निमाडातला शेतकरी हातातले काम टाकून बांधापर्यंत सोडायला येतो. त्याच्याशी बोलताना फोन खिशात ठेवून छापील पान पुढे करावे, म्हणजे नवा बंधारा, वाहून गेलेली साकव, बंद झालेला आश्रम अशा गोष्टी त्याच्या बोटाने त्या पानावर उमटतात. त्या लगेच तारखेसह लिहाव्यात.

शेवटी सगळ्या पानांची एक प्रत, तेच टप्पे आणि तेच क्रमांक घालून, घरी ठेवावी. रोज फोन लागेलच असे नाही. पण जिथे रेंज मिळेल तिथून नुसते ‘द 14, मुक्काम धर्मशाळा’ एवढे कळवले तरी घरच्यांना पान उघडून आपण नेमके कुठे आहोत ते पाहता येते. झाडीत आणि समुद्राच्या टप्प्यात किती दिवस निरोप येणार नाही आणि त्यानंतर कुणाला विचारायचे, हे त्याच प्रतीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावे.