छोट्या देशाच्या हँडबॉल संघाचा इतिहास कसा लिहावा

दिवाळी अंकासाठी किंवा महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी क्रीडाविषयक लेख मागितला, की पुण्यातील बहुतेक लेखक क्रिकेटकडे वळतात. ज्यांना वेगळी वाट धरायची आहे, त्यांनी आइसलँडच्या पुरुष हँडबॉल संघाचा विषय अवश्य घ्यावा. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये या संघाने रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्या देशाची लोकसंख्या सुमारे ३ लाख १५ हजार होती. पुणे महापालिकेच्या हद्दीतच २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

लेखनाला बसण्यापूर्वी खेळ डोळ्यांखालून घालावा. नियम थोडक्यात सांगता येतात: ४० बाय २० मीटरचे मैदान, प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह ७ खेळाडू, ३० मिनिटांचे दोन डाव आणि गोलसमोर ६ मीटरवरची रेषा, जिच्या आत फक्त गोलरक्षकाला उभे राहता येते. मात्र त्या रेषेबाहेरून आत झेप घेऊन, पाय जमिनीला लागण्याआधी चेंडू मारणे म्हणजे काय, हे वाचून उमगत नाही. त्यासाठी आपल्याकडचा एखादा आंतरमहाविद्यालयीन सामना गोलच्या मागच्या बाजूला बसून पाहावा.

त्यानंतर एक वही घ्यावी आणि वर्ष, स्पर्धा, क्रमांक व प्रशिक्षक असे रकाने आखावेत. येथे सर्वांत मोठा मोह २००८ पासून सुरुवात करण्याचा असतो आणि तो कटाक्षाने टाळावा, कारण छोट्या संघाचा खरा इतिहास दोन पदकांच्या (येथे २००८ चे रौप्य आणि २०१० चे युरोपीय कांस्य) मधल्या वर्षांत नव्हे, तर पहिल्या पदकाआधीच्या अर्धशतकात असतो. आइसलँडच्या हँडबॉल संघटनेची स्थापना १९५७ सालची. पुढच्याच वर्षी संघ जागतिक स्पर्धेत उतरला आणि १९६१ मध्ये सहावा आला. १९८४ चे ऑलिंपिक आणि १९८६ ची जागतिक स्पर्धा या दोन्ही ठिकाणी पुन्हा सहावा क्रमांक मिळाला. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये भरलेली दुसऱ्या फळीची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली. ही नोंद बरेच लेखक गाळतात. माझ्या मते ती ठळक लिहावी, कारण वरच्या फळीतून खाली आलेला संघ पुन्हा वर कसा चढला, हे तेथेच दिसते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी ऐनवेळी बोलावलेला हा संघ चौथा आला. १९९५ ची जागतिक स्पर्धा आइसलँडने आपल्या भूमीवर भरवली, १९९७ मध्ये जपानमध्ये पाचवे स्थान मिळवले आणि २००२ च्या युरोपीय स्पर्धेत पुन्हा चौथे.

प्रशिक्षकांचा रकाना भरताना एक गोष्ट आपोआप समोर येते. १९८४ च्या संघात खेळलेले गुडमुंडुर गुडमुंडसॉन हेच २००८ व २०१० चे प्रशिक्षक होते आणि पुढे २०१६ मध्ये त्यांनी डेन्मार्कला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. त्याच वर्षी जर्मनीला युरोपीय विजेतेपद मिळवून देणारे दागुर सिगुर्डसॉन हेही आइसलँडचेच माजी खेळाडू. थोड्या माणसांच्या देशात खेळाडूच पुढे गुरू होतो आणि अनुभव वाया जात नाही; लेखाचा कणा म्हणून हे सूत्र घ्यावे.

आडनावांवरून नातीगोती जोडू नयेत. बीजिंगच्या संघातील खेळाडू ओलाफुर स्तेफानसॉन म्हणजे स्तेफानचा मुलगा ओलाफुर. तेथील याद्याही पहिल्या नावानेच लावलेल्या असतात. नावाचे देवनागरी रूप एकदा ठरवले, की शेवटपर्यंत तेच ठेवावे. जुनी वृत्तपत्रे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या टिमारिट या संकेतस्थळावर विनामूल्य चाळता येतात, त्यामुळे पुण्यात बसूनही १९५८ च्या बातमीपर्यंत पोहोचता येते.

बीजिंगचे प्रकरण मात्र सविस्तर लिहावे आणि तेथे विशेषणांऐवजी धावफलक बोलू द्यावा. रशियावर ३३-३१, जर्मनीवर ३३-२९ असे विजय. दक्षिण कोरियाकडून एका गोलने, २२-२१ असा पराभव. मग डेन्मार्क आणि इजिप्त या दोघांशीही ३२-३२ अशी बरोबरी. उपउपान्त्य सामन्यात पोलंडवर ३२-३०. इतक्या निसटत्या वाटेने आलेल्या संघाने उपान्त्य सामन्यात स्पेनला ३६-३० असे स्पष्ट हरवले, हे वाचकाला आकड्यांतूनच जाणवते. २४ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने २८-२३ अशी बाजी मारली. तो पराभव झाकू नये, तसाच त्यावर फार रेंगाळूही नये.

२०१० च्या युरोपीय स्पर्धेतील कांस्यपदकासाठी एक परिच्छेद पुरेसा आहे. लेख संपादकांकडे देण्यापूर्वी ऑलिंपिक व जागतिक स्पर्धांचे आकडे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नोंदींशी आणि युरोपीय स्पर्धांचे आकडे युरोपीय महासंघाच्या नोंदींशी स्वतंत्रपणे ताडून पाहावेत.