पुस्तक मिटा, मग आठवा

एमपीएससीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याचं राज्यघटनेचं पुस्तक उघडलं तर पानंच्या पानं पिवळी. हायलायटर फिरवून चारदा वाचलंय. पण ‘पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती सांग’ म्हटलं की ‘अरे, आत्ता तर वाचलं होतं!’

चारदा वाचल्यावर मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचं म्हणजे येतंय, असं आपण धरून चालतो. फसगत होते ती इथेच. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणून प्रकरण झालं की पुस्तक मिटायचं. जुन्या वहीचं पाठकोरं पान घ्यायचं आणि आठवेल ते खरडायचं: ग्रामसभा, महिलांना एक तृतीयांश जागा, अकरावी अनुसूची... तिच्यात विषय किती? इथे अडलात की लगेच पान उघडू नका. मिनिटभर डोकं खाजवा. मग बघा: २९. राहिलेलं लाल पेनाने लिहा. दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा कोरं पान.

पहिल्या दिवशी पान अर्धं रिकामं राहतं, फार वैताग येतो. भाच्याने तर पेनच फेकलं होतं. हायलायटर सध्या त्याच्या धाकट्या बहिणीकडे आहे, चित्रं रंगवायला.