इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चचा काळ कसा ओळखावा

पॅरिश चर्च म्हणजे गावाचं किंवा वस्तीचं स्थानिक चर्च. आत जाण्याआधी इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारा. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर तिरपी दगडी रेघ दिसली, तर आधीचं छप्पर तिथवर होतं, म्हणजे आजच्यापेक्षा उंच.

मग खिडक्या पाहा. अर्धगोल कमान, जाड भिंत: नॉर्मन (1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांची शैली), साधारण 1190 पूर्वीची. अरुंद, टोकदार खिडकी तेराव्या शतकातली. खिडकीतले उभे दगडी दांडे सरळ माथ्यापर्यंत गेलेले असतील, तर साधारण 1350 नंतरची. पण एका खिडकीवरून अख्ख्या चर्चचं वय ठरवू नका. जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं नेहमीचंच होतं. सर्वांत जास्त फसवतं ते एकोणिसाव्या शतकातलं नूतनीकरण. कडा धारदार आणि नक्षी फारच एकसारखी दिसली की संशय घ्या.

आत धर्मसुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रॉटेस्टंट झालं त्या बदलाच्या, खुणा शोधा, खरी मजा इथेच आहे. 1550 मध्ये दगडी वेद्या काढून लाकडी मेजं ठेवण्याचा आदेश निघाला. भित्तिचित्रांवर चुना फासला गेला. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका, म्हणजे बुजवलेली दारं आणि गिलाव्याचे उंचवटे उठून दिसतात. वेदीजवळ दक्षिण भिंतीत छोटा कोनाडा आणि त्यात पाणी जायचं भोक असेल, तर ती कॅथलिक काळातली पात्रं धुण्याची जागा. गिलावा मात्र खरवडू नका.

कागदपत्रांत बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदवह्या 1538 पासून सक्तीच्या झाल्या. सुरुवातीच्या बऱ्याच हरवल्या आहेत. उरलेल्या बहुधा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अभिलेखागारात मिळतात.