जिन्याचा व्यायाम सुरू केलाय? या चुका टाळा

मी सहाव्या मजल्यावर राहते. लिफ्ट सोडून जिना धरला आणि तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागलं. चढताना काही नाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला कळ. फिजिओथेरपिस्टकडे गेले तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "उतरता कशा?" तोवर मी उतरण्याचा विचारच केला नव्हता. सहा मजले चढले की व्यायाम झाला असं समजून पाय सैल सोडून धडधड खाली यायचे. नंतर आमच्या इमारतीत ज्यांनी ज्यांनी जिना सुरू करून महिन्याभरात सोडला, त्यांना मुद्दाम विचारलं. बहुतेकांचं दुखणं माझ्यासारखंच निघालं.

उतरणं म्हणजे आराम, ही पहिली चूक

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना आपलं सगळं वजन धरून ठेवतो, ब्रेक दाबून गाडी उतारावरून आणावी तसा. दम लागत नाही म्हणून हे काम हलकं वाटतं, पण गुडघ्याला ते हलकं नसतं. कृत्रिम गुडघ्यात मोजयंत्र बसवून घेतलेल्या मोजमापांत चढताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार आला, उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे ६५ किलोच्या माणसाच्या एका गुडघ्यावर, एका पायरीला, सव्वादोनशे किलोच्या आसपास. धडधडत आलात तर त्याहून जास्त.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे जिन्याने चढा आणि लिफ्टने खाली या. यात कमीपणा काही नाही. लिफ्ट नसेल तर कठड्यावर हात ठेवून, पूर्ण पाऊल पायरीवर टेकवत सावकाश उतरा. आपल्या पावलांचा आवाज ऐका. 'धप् धप्' ऐकू येत असेल, तर स्नायूंनी झेलायचा भार सांध्यावर आदळतोय.

दुखलं की लगेच घाबरूही नका. दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जड झाल्या, जिना उतरताना ठणकल्या, तर ते न वापरलेल्या स्नायूंचं दुखणं. दोन-तीन दिवसांत ओसरतं, तोवर सपाटीवर चाला. पण दुखणं एकाच गुडघ्यात, एका ठरावीक जागी असेल, सूज येत असेल, गुडघा मध्येच अडकत किंवा निसटत असेल, तर जिना थांबवा आणि दाखवून घ्या. 'चालवलं की सुटेल' हा सल्ला तिथे लागू पडत नाही.

पहिल्या दोन मजल्यांतच दम संपवणं

तळमजल्यावरून उत्साहात दोन-दोन पायऱ्या घेत निघायचं आणि तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभं राहायचं, असं पुष्कळांचं होतं. हृदय आणि श्वास यांना कामाचा वेग पकडायला मिनीट-दीड मिनीट लागतं. पाय त्याआधीच पुढे पळालेले असतात. पहिला मजला मुद्दाम संथ चढा. चढताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा, पण थबकू नका.

आणि एका दमात दहा मजले चढण्याची गरजही नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये व्यायाम न करणाऱ्या तरुणांकडून फक्त ६० पायऱ्या जोरात चढून घेतल्या. दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवड्यांत त्यांचा दमसास वाढला. साठ पायऱ्या म्हणजे साधारण साडेतीन मजले. दूध आणताना, दुपारी, संध्याकाळी, असं वाटून घेतलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी मात्र 'जोरात' हा भाग पहिल्या महिन्यानंतरच मनावर घ्यावा.

जिना वजनासाठी चढणारे सर्वांत आधी निराश होतात. हिशेब बघा: ७० किलोचा माणूस एक मजला चढतो तेव्हा जेमतेम दोन-अडीच कॅलरी खर्च होतात. एक वडापाव जिरवायला शंभराच्या वर मजले. वजनाचं गणित ताटात सुटतं, जिन्यावर हृदय आणि मांड्या सुधारतात. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरेमी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये छापून आला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा, रोज पाच-सातशे पायऱ्या वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ते कुणी बारीक होण्यासाठी पायऱ्या चढत नव्हते, तिकिटं फाडत होते.

'पित्त झालंय' म्हणून पुढे चढत राहणं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून नीट वाचा. चढताना छातीत जळजळ, दडपण किंवा आवळल्यासारखं होतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत शांत होतं, परत चढलं की परत. याला आपल्याकडे सर्रास पित्त किंवा गॅस म्हणतात आणि एक गोळी घेऊन विषय मिटवतात. पित्ताचा संबंध जेवणाशी आणि आडवं होण्याशी जास्त. श्रमाने येणारं आणि विश्रांतीने जाणारं दडपण हृदयाचं असू शकतं. कळ जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात किंवा पाठीतही येते. मधुमेह असलेल्यांना, आणि कित्येकदा बायकांना, छातीत दुखतही नाही. नेहमीच्या दोन मजल्यांना अचानक धाप लागते, घाम फुटतो, एवढंच. असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, तोवर लिफ्ट वापरा. थांबूनही दडपण कमी होत नसेल तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका.

रक्तदाबासाठी नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातला आकडा तुम्हाला फसवेल. अशांनी बोलण्याची कसोटीच वापरावी.

पाय कुठे पडतोय?

नुसता चवडा पायरीवर आणि टाच हवेत, असं चढलं की पोटऱ्या भरून येतात, रात्री गोळे येतात. निम्म्याहून जास्त पाऊल पायरीवर हवं आणि जोर टाचेतून द्यायचा. गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर नितंबाचे स्नायू कमजोर आहेत; मोबाइलवर कुणाकडून समोरून चित्रफीत काढून घ्या, लगेच दिसेल. कठडा तोल सांभाळायला असतो. त्याला ओढून शरीर वर खेचत असाल तर मजले कमी करा.

पुण्यात पर्वतीवर सकाळी जाणाऱ्यांसाठी एक निराळी गोष्ट. तिथल्या १०३ पायऱ्या जुन्या दगडी, काही ठिकाणी इतक्या रुंद की एका पायरीवर दोन पावलं पडतात. अशा टप्प्यात दर वेळी उजवाच पाय वर चढतो आणि डावा नुसता मागून येतो. तिथे मधूनच एक छोटं पाऊल जास्तीचं टाकून पाय बदलायचा. मी पर्वतीला जायला लागल्यावर उजवी मांडी डावीपेक्षा जास्त का दुखते, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

चपलांबद्दल फार बोलायला नको: मागे पट्टा नसलेली चप्पल आणि जिना एकत्र नकोत. पावसाळ्यात इमारतीच्या गुळगुळीत कडाप्प्यावर ओल्या छत्र्यांचं पाणी ठिबकतं, वर मधल्या टप्प्यांवर कुणाच्या कुंड्या, कुणाचे बूट. आम्ही सोसायटीच्या सभेत विषय काढून टप्पे मोकळे करून घेतले, पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्ट्या लावल्या आणि चौथ्या मजल्यावरचा गेलेला दिवा बदलला. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या आजीही संध्याकाळी एक मजला चढायला लागल्या, कठडा धरून, आणि खाली येताना लिफ्टने.